प्लाझ्मा पॉलिशिंग: पहिल्या जॉबपासून पहिल्या बॅचपर्यंत

गरम खारट पाण्यात सोडलेला स्टेनलेस स्टीलचा जॉब, म्हणजे चमकवायची वस्तू, तीन-चार मिनिटांत लखलखीत होऊन वर येतो. हे पहिल्यांदा बघणारा माणूस जॉबभोवती पसरलेल्या निळसर-जांभळ्या उजेडाकडेच टक लावून बसतो. मीही तेच केलं होतं. मला शिकवणाऱ्या कारागिराने मान धरून अ‍ॅमीटरकडे वळवली आणि म्हणाला, "दिवाळी नंतर बघ, आधी काटा बघ." या कामातलं निम्मं ज्ञान त्या काट्यात आहे, आणि उरलेलं निम्मं थर्मामीटरमध्ये.

पूर्ण नाव इलेक्ट्रोलिटिक प्लाझ्मा पॉलिशिंग. नाव जड असलं तरी सामान साधं असतं: एक टाकी, डीसी पुरवठा, क्षाराचं पाणी, जॉब खाली-वर करणारी यंत्रणा आणि टाकीतलं पाणी गरम-थंड करण्याची सोय. आम्लात होणारं नेहमीचं इलेक्ट्रोपॉलिशिंग तुम्ही पाहिलं असेल तर फरक चटकन कळेल. तिथे ५ ते २० व्होल्टवर काम चालतं आणि टाकीत तीव्र फॉस्फोरिक व सल्फ्युरिक आम्लाचं मिश्रण असतं. इथे टाकीतलं ९५ टक्के किंवा त्याहून जास्त निव्वळ पाणी, पण व्होल्टेज २०० ते ३५० च्या घरात. म्हणजे आम्लाचा धोका गेला आणि विजेचा आला.

आत नेमकं काय होतं

तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो लगेच आटत नाही. स्वतःच्याच वाफेच्या गादीवर तो इकडेतिकडे पळतो. जॉबभोवती जवळपास तसंच होतं. जॉब धन टोकाला जोडलेला असतो. व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं तर सुरुवातीला नेहमीचं विद्युत-अपघटन दिसतं: बुडबुडे येतात, करंट चढत जातो. पुढे जॉबलगतचं पाणी उकळायला लागतं आणि काटा वेड्यासारखा नाचतो. साधारण १८०-२०० व्होल्टच्या पुढे वाफ आणि वायूंचं एक पातळ अखंड वेष्टण जॉबला चिकटून बसतं, नाचणारा करंट एकदम खाली येतो आणि स्थिर होतो. आपलं पॉलिशिंग या स्थिर पट्ट्यात होतं. याच्याही वर फार गेलात तर मोठ्या ठिणग्या पडून पृष्ठभागावर खळगे पडतात.

पाण्यातल्या विद्युत-अपघटनात ॲनोडभोवती, म्हणजे धन टोकाभोवती, असं वेष्टण बसून करंट कोसळतो, याचा नीट अभ्यास केलॉग यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केला होता. त्या वेष्टणातून वीज आरपार जाते तेव्हा आपल्याला तो उजेड दिसतो. जॉबवरच्या सूक्ष्म टेकाडांवर वेष्टण पातळ आणि विद्युत क्षेत्र जास्त, म्हणून तिथला धातू आधी विरघळतो. खोलगट जागा तुलनेने शाबूत राहतात आणि एकूण पृष्ठभाग सपाट होत जातो. विरघळण्याचा वाटा किती आणि ठिणग्यांचा किती यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण टाकीजवळ उभ्या माणसाचं त्या वादावाचून काही अडत नाही.

कोणतं काम घ्यावं, कोणतं नाकारावं

शिकायचं असेल तर ३०४ किंवा ३१६ प्रतीचं स्टेनलेस घ्या. या पद्धतीला इतका सरळ वागणारा दुसरा धातू नाही. साध्या कार्बन स्टीलवर चमक येते, पण धुवून सुकवेपर्यंतच गंज डोकं वर काढतो. ओतीव लोखंडात ग्राफाइट असतं, त्याच्याकडून आरशाची अपेक्षा धरू नका. टायटॅनियमला फ्लोराइडचे क्षार लागतात, आणि फ्लोराइड गरम व आम्लधर्मी पाण्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार करतं, जे कातडीतून हाडापर्यंत पोचतं. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जवळ नाही आणि ते कधी लावायचं हे माहीत नाही, अशा माणसाने त्या वाटेला जाऊच नये. निदान पहिलं वर्षभर तरी.

आकाराचंही बघावं लागतं. बाहेरचे वाकडेतिकडे पृष्ठभाग, नक्षी, जाळी, तारेच्या वस्तू, बारीक डिबरिंग (कडांवरची धातूची कुसळं काढणं) यांत ही पद्धत हाताच्या बफिंगला सहज मागे टाकते, कारण पाणी आणि वाफ जिथे पोचते तिथे कामही पोचतं. मात्र लांब, अरुंद भोकाच्या आत ती जवळजवळ निरुपयोगी ठरते. भोकाच्या तोंडाशी, साधारण व्यासाइतक्या खोलीपर्यंत परिणाम दिसतो आणि पुढे काळोख. नळीची आतली बाजू चमकवायचं काम आलं तर आतून वेगळा कॅथोड, म्हणजे ऋण टोक, घालावा लागतो. तो वेगळाच विषय आहे.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ही पद्धत खराब मशीनिंग झाकते. मिनिटाला काही मायक्रॉन धातू निघतो, स्टेनलेसवर साधारण २ ते ८. जॉबवर २० मायक्रॉन खोल ओरखडा असेल आणि तुम्ही १२ मायक्रॉन काढलेत, तर ओरखडा राहतोच, आणि आता तो आरशातला ओरखडा असल्याने दुप्पट उठून दिसतो. लाटांसारखा उंचसखलपणाही तसाच राहतो. जॉब आधी आरए (सरासरी खडबडीतपणा, मायक्रॉनमध्ये) ०.८ च्या आसपास आणा, मग टाकीत सोडा. चांगल्या सुरुवातीवरून आरए ०.१ च्या खाली जाणं कठीण नाही.

आधी कागदावर हिशोब

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि पुढे फ्यूज बदलत बसतात. एक उदाहरण घेऊ. जॉबचं बुडणारं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढी पट्टी दोन्ही बाजूंनी धरून. स्थिर अवस्थेत चौरस सेंटिमीटरला साधारण ०.२ अ‍ॅम्पिअर लागतो, म्हणून करंट २० अ‍ॅम्पिअर. ३०० व्होल्टवर शक्ती झाली ६ किलोवॅट. एवढ्याशा पट्टीला ६ किलोवॅट! प्लाझ्मा पॉलिशिंग विजेला महाग का पडतं ते इथे दिसतं.

ही वीज बहुतांशी उष्णता होऊन पाण्यात उतरते. ३ मिनिटांत ६ किलोवॅट म्हणजे १०८० किलोज्यूल. टाकी ५० लिटरची असेल तर एका जॉबमागे पाणी ५ अंशांनी तापू शकतं. थोडी उष्णता वाफेबरोबर निघून जाते, म्हणून प्रत्यक्षात वाढ थोडी कमी दिसते. तरीही चार जॉब पाठोपाठ केले की तापमान ७०-९० अंशांच्या पट्ट्याबाहेर जातं. म्हणून सकाळी हीटर लागतो आणि दुपारी कूलर. नवख्याला हे उलटं वाटतं. सुरुवातीला ५० लिटर पाणी २५ वरून ७५ अंशांवर न्यायला जवळपास ३ युनिट वीज लागते, तीही हिशोबात धरा.

मापाचाही हिशोब याच कागदावर करून टाका. प्रत्येक बाजूने १० मायक्रॉन गेले तर दांड्याचा व्यास २० मायक्रॉनने उतरतो. फिटिंगचा जॉब असेल तर टर्निंग करणाऱ्याला हे आधी सांगावं लागतं. नंतर सांगून उपयोग नाही. टोकदार कडा आणि आट्यांचे माथे सपाट भागापेक्षा लवकर झिजतात, तेही त्याच्या कानावर घाला.

विजेपासून जपून

३०० व्होल्ट डीसी, ओली फरशी, गरम वाफ आणि उघडी धातूची टाकी हे सगळं इथे एकाच जागी असतं. म्हणून जुगाड चालत नाही. भिंतीवरच्या पुरवठ्याला नुसता डायोड ब्रिज लावून केलेले प्रयोग लोक कौतुकाने दाखवतात. ते बघायला सुद्धा जवळ उभे राहू नका. पुरवठा मुख्य लाइनपासून वेगळा करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. टाकी हाच कॅथोड असेल तर ती ऋण टोकाला आणि अर्थिंगला पक्की जोडलेली हवी. जॉब धरणारा दांडा ३०० व्होल्टवर असतो, त्याच्याभोवती झाकण हवं, आणि झाकण उघडताच पुरवठा तुटेल असा इंटरलॉक हवा. पुरवठ्यात मोठे कपॅसिटर असतात. बंद केल्यावरही ते भरलेले असू शकतात, म्हणून मीटरने शून्य पाहिल्याशिवाय दांड्याला हात नाही. पायाखाली रबराची चटई घाला, आणि एकट्याने काम करू नका.

कॅथोडवर हायड्रोजन निघतो. वाफेबरोबर क्षाराचे सूक्ष्म थेंब उडतात आणि गरम अमोनियम क्षारातून थोडा अमोनियाही. टाकीवर ओढणारा पंखा आणि डक्ट असल्याशिवाय सुरू करू नका. डोळ्यांना बंद गॉगल घाला. साधा चष्मा पुरत नाही.

टाकी भरणं

स्टेनलेससाठी अमोनियम सल्फेट, वजनाने ३ ते ५ टक्के. ५० लिटरला ४ टक्के म्हणजे २ किलो. खताच्या पोत्यातलं अमोनियम सल्फेट नावाने तेच असलं तरी त्याच्यासोबत काय काय येतं याचा भरवसा नसतो. क्लोराइड आलं की स्टेनलेसवर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि तुम्ही आठवडाभर व्होल्टेजला दोष देत बसता. म्हणून शुद्ध प्रतीचा क्षार आणि आरओ किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी वापरा. पैसे इथे वाचवू नका.

कॅथोडचं क्षेत्रफळ जॉबपेक्षा पाच-दहा पट तरी असावं. आतून स्टेनलेसची टाकी असेल तर ते आपोआप जमतं. तयार पाण्याचा पीएच साधारण ५ ते ५.५ भरतो. तो वर सरकायला लागला की अमोनियाचा वास वाढतो. अशा वेळी पातळ सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबाने घालून तो खाली आणा. आम्ल पाण्यात, पाणी आम्लात कधीच नाही. आणि या टाकीच्या आसपास ब्लीचिंगची बाटली नको, कारण अमोनियम क्षार आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरामाइन वायू होतो. फरशी पुसणाऱ्यालाही हे सांगून ठेवा.

तापमान ७० ते ९० अंशांत ठेवा. मी ७५-८० पसंत करतो, कारण तिथून दोन्ही बाजूंना थोडी जागा उरते. पाणी थंड असेल तर वेष्टण फाटतं, करंट उसळतो आणि जॉब चमकण्याऐवजी खाल्ल्यासारखा निस्तेज दिसतो. फार गरम झालं तर वेष्टण जाड होतं, करंट उतरतो, आणि काम संपतच नाही.

जॉबची तयारी आणि टांगणं

तेल, बफिंगचं मेण, बोटांचे ठसे हे सगळं अल्कली क्लीनरने काढून धुवून घ्या. टाकी हे साफ करेल अशा आशेवर राहू नका. तेल पाण्यावर तरंगतं आणि प्रत्येक जॉब त्यातूनच आत जातो. वेल्डची काळी-निळी पापडीही आधी पिकलिंगने, म्हणजे आम्लाने धुवून, काढलेली बरी, नाहीतर तिथला भाग मागे पडतो. हे झालं की जॉब तराजूवर ठेवून वजन लिहा. किमान ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू हवा. याचं कारण पुढे येईल.

टांगण्याच्या पकडीत दोन गोष्टी बघतो. एक, संपर्क घट्ट आणि रुंद आहे का. २० अ‍ॅम्पिअर एका बिंदूतून गेले तर तिथे जळकं टिंब पडतं. दुसरी, पकडीखाली धातू निघत नाही, म्हणून तिथे डाग राहणारच; तो नजरेआड होईल किंवा कामात येणार नाही अशा जागी घ्या. पकडीचा बुडालेला भागही करंट खातो आणि झिजतो. पकड स्टेनलेसचीच करा, दर काही दिवसांनी बदला, आणि तिचं क्षेत्रफळ हिशोबात धरा.

जॉब कसा लटकवता यावर निकाल फिरतो. खाली तोंड असलेली वाटी वाफ अडकवून ठेवते आणि तिच्या आत काही होत नाही. ती वाटी तिरकी किंवा उताणी टांगा. मोठा सपाट तळ आडवा ठेवू नका, त्याच्याखाली वाफ साचते. जॉबचं वरचं टोक पाण्याच्या पातळीखाली काही सेंटिमीटर जाऊ द्या. पातळीच्या रेषेवर धातू वेगळ्या वेगाने जातो आणि तिथे पट्टा उमटतो.

बुडवणं

आधी व्होल्टेज चालू, मग जॉब खाली. हा क्रम डोक्यात पक्का बसवा. पूर्ण बुडालेल्या जॉबवर एकदम ३०० व्होल्ट सोडलं तर वेष्टण बसायच्या आधीचा क्षण असा येतो की करंट स्थिर किमतीच्या कित्येक पट उसळतो. मी घाईत एकदा असंच केलं होतं. फ्यूज गेला, आणि जॉबवर करड्या नकाशासारखे डाग उमटले, ते पुन्हा घासूनच निघाले. व्होल्टेज चालू असताना जॉब हळूहळू उतरवला की आधी टोकाशी छोटं वेष्टण बसतं आणि जॉबबरोबर खाली पसरत जातं. तळहाताएवढ्या जॉबला दहा-पंधरा सेकंद द्या.

आता काटा. पूर्ण बुडाल्यावर तो हिशोबातल्या आकड्याजवळ येऊन जवळपास स्थिर राहिला पाहिजे. एकसारखा सूं आवाज आणि समान उजेड ही जोडीला चांगली लक्षणं. काटा हिशोबाच्या दुप्पट दाखवत असेल तर पाणी थंड आहे किंवा व्होल्टेज पट्ट्याखाली आहे. मधूनच शून्याकडे झेपावत असेल तर पकड सैल आहे, थांबवा. हळूहळू उतरत जात असेल तर थर्मामीटर पाहा, पाणी तापतंय. पृष्ठभाग गुळगुळीत होताना करंट थोडा खाली येतो, तेवढी उतरण स्वाभाविक आहे. उजेडात अचानक पिवळा-नारिंगी रंग भरला तर टाकीत सोडियम कुठून आलं ते शोधा. बहुतेकदा क्लीनर नीट धुतलेला नसतो.

वेळ २ ते ५ मिनिटं. पहिल्या मिनिटात सगळ्यात मोठा फरक पडतो, दुसऱ्या-तिसऱ्यात चकाकी येते, पुढे मुख्यतः धातू आणि वीज जाते. पाच मिनिटांत जमलं नाही ते दहा मिनिटांतही जमत नाही, अशा वेळी जॉब परत ग्राइंडिंगला पाठवावा.

बाहेर काढताना पुरवठा आधी बंद करा आणि जॉब लगेच उचला. चालू ठेवून काढलात तर शेवटच्या स्पर्शबिंदूवर ठिणगी बसते.

धुणं आणि मोजणं

जॉब गरम असतो आणि त्याच्या अंगावरचं पाणी पटकन सुकतं. सुकलं की क्षाराचे पांढरे ओघळ उरतात. म्हणून टाकीशेजारीच गरम पाण्याचा टब ठेवा, मग डीएम पाणी, मग स्वच्छ हवेचा फवारा. उघड्या बोटाने जॉबला हात लावू नका. ताज्या आरशावर ठसा फार हट्टी असतो.

आता तराजू. स्टेनलेसची घनता ७.९ धरली, तर १०० चौरस सेंटिमीटरवरून १० मायक्रॉन निघाले की वजन ०.७९ ग्रॅमने घटतं. वजनातली घट भागिले क्षेत्रफळ, भागिले घनता. इतक्या साध्या भागाकाराने सरासरी किती धातू गेला ते कळतं, आणि मिनिटांनी भागलं की तुमच्या टाकीचा वेग. टाकीचं आरोग्य सांगणारं याहून स्वस्त साधन मला माहीत नाही. खडबडीतपणा मोजताना मशीनवरचं कट-ऑफ (लाटा वगळून खडबडीतपणा मोजण्याची लांबी) तपासा: आरए ०.१ च्या वर ०.८ मिलिमीटर, त्याच्या खाली गेलात की ०.२५. कट-ऑफ चुकलं की दोन माणसं एकाच जॉबचे वेगवेगळे आकडे घेऊन भांडतात.

पाणी जुनं होतं तेव्हा

विरघळलेलं लोखंड, क्रोमियम, निकेल टाकीतच राहतं. तळाला तांबूस-तपकिरी गाळ बसतो, पाण्याचा रंग बदलतो आणि तराजूवरचा वेग घसरतो. गाळ गाळून काढला तर टाकी आणखी काही दिवस चालते. पाणी उडतं तसं डीएम पाणीच घाला, क्षार नाही. क्षार वाफेबरोबर फारसा जात नाही, पण जॉबच्या अंगावरून धुण्याच्या टबात जातो. म्हणून चालकता मोजून मगच क्षाराची भर घाला.

हे पाणी नाल्यात सोडायचं नाही. आम्ल नाही म्हणून ते निर्मळ आहे, अशी जाहिरात ऐकू येते. तिच्यावर विश्वास ठेवू नका. त्यात निकेल असतं, क्रोमियम असतं, आणि क्रोमियमचा काही भाग सहा-संयुजी म्हणजे कर्करोगकारक रूपात असू शकतो, त्याची चाचणी करून घ्यावी लागते. चुना टाकून सगळं खाली बसवू असंही नाही. पीएच वाढला की अमोनिया वायू उसळतो, आणि पाण्यातला अमोनिया निकेलला धरून ठेवतो, त्यामुळे ते पूर्ण बसत नाही. घातक कचरा हाताळण्याचा परवाना असलेल्यांकडेच द्या, गाळासकट.

एकावरून दहावर

एक जॉब जमला की लगेच दहा एकदम टांगायचा मोह होतो. वरचाच हिशोब करा: १०० चौरस सेंटिमीटरचे दहा जॉब म्हणजे २०० अ‍ॅम्पिअर, ६० किलोवॅट. बहुतेक छोट्या युनिटचा पुरवठा तेवढा नसतो, आणि ५० लिटर पाणी मिनिटाला १५ अंशांपेक्षा जास्त वेगाने तापू पाहील. त्यापेक्षा दोन-दोन जॉब क्रमाने उतरवा, दोघांमध्ये वाफ मोकळी वर जाईल इतकं अंतर ठेवा आणि समोरासमोरच्या बाजूंचा निकाल वेगळा तपासा. आतल्या बाजू बाहेरच्यांपेक्षा मंद चमकत असतील तर अंतर वाढवा किंवा जॉब सावकाश फिरता ठेवा. प्रत्येक जोडीनंतर तापमान पट्ट्यात येऊ द्या, आणि वहीत पाच रकाने भरा: व्होल्ट, अ‍ॅम्पिअर, अंश, मिनिटं, ग्रॅम.